आधीचा फोटो

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा. लोक दिवाळीत वाचतात, तेव्हा जरा प्रेरणादायी असू द्या." अनुभव लिहिते. प्रेरणेची हमी देत नाही.

माझं क्षेत्र काय, हे आधी सांगावं लागेल, कारण ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही अजून नीट कळलेलं नाही. एखादी संस्था, कंपनीचा समाजकार्य विभाग किंवा सरकारी खातं यांना लोकांची एखादी सवय बदलायची असते. हात धुवा, मुलीला शिकवा, डास वाढू देऊ नका, बायकोवर हात टाकू नका. हे कोणाच्या तोंडून सांगायचं, कुठे, कोणत्या भाषेत, ते ठरवायचं आणि तयार करून द्यायचं, हा माझा धंदा. साबण विकणाऱ्याची आणि माझी अवजारं एकच आहेत. भिंत, भोंगा, पथनाट्य, केबलवर खालून सरकणारी पट्टी आणि आता मोबाइलवरचा व्हिडिओ. फरक एवढाच की साबण खपला की नाही, हे साबणवाल्याला लगेच कळतं. आम्हाला कधीच कळत नाही. आम्ही अहवाल लिहितो.

मी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहते आणि माझं बरंचसं काम याच शहरात झालं. इथे घोषणा मराठीत केली तर अर्ध्या बिल्डिंगा खिडकीत येत नाहीत, हिंदीत केली तर उरलेल्या अर्ध्या चिडून खिडकीत येतात. पण कोणत्याही भाषेत ऐकला जातो असा एक शब्द इथे आहे, 'पाणी'. रिक्षाला भोंगा लावून फिरवला की लोक बाहेर येतात ते आज पाणी येणार नाही की काय, हे ऐकायला. हे कळल्यावर डेंग्यूच्या वेळी मी घोषणेची सुरुवातच केली, "नागरिकांनो, पाण्याबाबत महत्त्वाची सूचना." मग दम घेऊन, "घरात पाणी साचू देऊ नका." पहिले काही दिवस सगळ्या गॅलऱ्या भरल्या. मग तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "ओ भैया, पानी आएगा कि नहीं वो बोलो, मच्छर का बाद में देखेंगे!" त्यानंतर भोंगा आला की लोक खिडक्या लावून घेऊ लागले. पुढे खरोखरच पाणी बंद राहणार होतं तेव्हा तीच रिक्षा फिरली आणि कोणी ऐकलं नाही. रिक्षावाल्याने शिव्या खाल्ल्या. माझ्या अहवालात ती मोहीम यशस्वी आहे.

भिंतींचंही तसंच. काशीगावात हायवेच्या बाजूला एका गोडाऊनवाल्याने मुलींच्या शिक्षणाच्या घोषणेसाठी आपली अख्खी भिंत फुकट दिली. मला माणसाचं कौतुक वाटलं. रंगारी कामाला लागले तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, मोठ्या अक्षरात लिहा आणि एकदम खालपर्यंत लिहा. देवाच्या टाइल्स लावल्या होत्या, त्याही चोरून नेल्या. लोक थांबतच नाहीत हो, इथेच उभे राहतात." जे काम देवांच्या टाइल्सना जमलं नाही, ते त्याच्या लेखी मुलींच्या शिक्षणाने करायचं होतं. मी खालपर्यंत लिहून घेतलं. लोक थांबले नाहीत.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि चारचौघांत हशा पिकवायला बरे पडतात. मला मात्र सुलभाताईंबद्दल लिहायचं आहे.

एका मोठ्या कंपनीच्या समाजकार्य विभागाला विधवांवर काम करायचं होतं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसतात, तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, शुभकार्यात मागे ठेवतात, हे बंद व्हावं म्हणून मोहीम. विषय चांगला होता, आजही आहे. विभागाची प्रचारप्रमुख अनन्या नावाची तरुण मुलगी होती. हुशार, कामाला वाघ, मराठी मोडकं पण बोलण्याची हौस दांडगी. मला ती 'मेधा मॅम' म्हणायची.

सुरुवात आम्ही खारी गावात पथनाट्याने केली. खारी म्हणजे जुन्या कोळ्यांची वस्ती, आता चारी बाजूंनी टॉवर. नाटकात आमची नटी पांढरी साडी नेसून कोपऱ्यात बसली आणि रडू लागली. बायका मासळीच्या पाट्या शेजारी ठेवून बघत होत्या. त्यातली एक जण मोठ्याने म्हणाली, "ए बाय, ती तथं कोपऱ्यान किती येल बसणार हाय?" सगळ्या हसल्या. नटी गडबडली. ती बाई उठून माझ्याकडे आली. "आमच्यात दादला मेला तरी पाटी डोक्यावर घ्यावीच लागते. कोपऱ्यान बसून पोट भरतं काय? न्हाय ना? मंग? जा, तुमच्या बिल्डिंगीत जाऊन दाखवा ह्ये."

गाडीत बसल्यावर अनन्या म्हणाली, "मॅम, शी हॅज अ पॉइंट. बिल्डिंगमध्ये कोणी आहे का, ओळखीचं? रिअल स्टोरी?"

होती. माझ्या समोरच्या विंगेत.

सुलभाताई चोणकर. विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी, एकच मुलगी ऋतुजा. नवरा हार्ट अटॅकने गेला तेव्हा ऋतुजा शाळेत होती. सासरची माणसं दहा दिवस राहून परत गेली आणि सुलभाताई ऑफिसात रुजू झाल्या, त्या कपाळावर टिकली लावूनच. तिची कोणाशी चर्चा केली नाही, कोणाला विचारलं नाही. जाऊबाईंनी एकदा टिकलीकडे बघितलं, तेव्हा म्हणाल्या, "चहा ठेवू का?" संपलं.

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या त्याच सूत्रधार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, ते त्या ठरवायच्या, दादरहून घेऊनही त्याच यायच्या. कार्यक्रमात त्या दाराशी उभ्या राहून वाण वाटायच्या. हात वाणात गुंतलेले असले की हळदीकुंकू लावायचं की नाही, हा प्रश्नच येत नाही. अशी काही वर्षं गेली. मग एका संक्रांतीला चौथ्या मजल्यावरची नवी सून करंडा घेऊन सगळ्यांना लावत लावत दाराशी आली आणि तिने सुलभाताईंनाही हळदीकुंकू लावलं. तिला माहीतच नव्हतं. हॉलमधल्या सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. सुलभाताई म्हणाल्या, "अगं, तिळगूळ राहिला की तुझा," आणि तिच्या हातावर लाडू ठेवला. कार्यक्रम पुढे चालू झाला. पुढच्या वर्षी सगळ्याच जणींनी लावलं. त्यावर सभा झाली नाही, ठराव झाला नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विषयच निघाला नाही.

ही गोष्ट मी अनन्याला सांगितली. ती म्हणाली, "मॅम, गूजबंप्स!"

आमच्या धंद्यातली एक रीत इथे सांगते. बदल दाखवायचा तर दोन फोटो लागतात, आधीचा आणि नंतरचा. शौचालय बांधण्याआधीचं गाव आणि नंतरचं गाव, औषधाआधीचं बाळ आणि नंतरचं बाळ. नुसता नंतरचा दाखवला तर देणगीदार विचारतात, मग तुम्ही केलंत काय? तेव्हा नंतरचा फोटो चांगला लागतो आणि आधीचा त्याहून चांगला.

सुलभाताईंचा आधीचा फोटो नव्हता. बाईने टिकली कधी काढलीच नव्हती.

त्या तयार झाल्या त्या माझ्या शब्दावर, आणि थोड्या हौसेनेही. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात नाटकात कामं केलेली बाई. म्हणाल्या, "एखादीला बघून धीर आला तर बरंच आहे की. पण मेधा, ऋतुजाचं लग्न जमतंय, मार्गशीर्षात होईल. त्याच्या आत उरकून घे बाई, मला मग वेळ नाही."

लग्न जमलंच. मुलगा वसईचा, माणसं साधी. बैठक झाली तेव्हा मीही होते, शेजारीण म्हणून. देणंघेणं, हॉल, जेवण, सगळं ठरलं. शेवटी गुरुजींनी विचारलं, "कन्यादानाला कोण बसणार?"

सुलभाताई वहीत जेवणाची पानं लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच."

गुरुजींनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "बरं. यजमानांच्या जागी सुपारी ठेवून करू. करता येतं." मुलाच्या आईने चकलीचा तुकडा मोडला. दीर प्रकाशभाऊ पंख्याकडे बघत होते. विषय पुढे मंगल कार्यालयाच्या पार्किंगवर गेला.

मी घरी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत येऊन सुलभाताईंनी माझा हात धरला. "बघितलंस? झालं की नाही? एका सुपारीत काम झालं." त्या हसत होत्या. ऋतुजाचं कन्यादान स्वतःच्या हाताने करायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना त्या लग्नातून हवी होती. बाकी हॉल एसी की नॉन-एसी, त्यांना फरक पडत नव्हता.

शूटिंग त्यांच्याच घरी झालं. त्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात, गच्चीची गळती त्यांच्या स्वयंपाकघरात उतरते. भिंतीवर भलामोठा ओलीचा डाग होता. दिग्दर्शक अंधेरीचा मुलगा, त्याला डाग बघून आनंद झाला. म्हणाला, "आंटी को यहाँ खड़ा करो. क्या टेक्स्चर है!"

"टेक्स्चर कसलं, ओल आहे ती," सुलभाताई म्हणाल्या. "सोसायटीला किती वर्षं सांगतेय. तुमच्या पिक्चरमध्ये येऊ दे, निदान सेक्रेटरी तरी बघेल."

मग फिकी साडी आली. मग दिग्दर्शक म्हणाला, "बिंदी निकालनी पड़ेगी."

मी म्हटलं, "हे उलटं होतंय. आपली फिल्म कुंकू पुसू नका म्हणून आहे."

अनन्या म्हणाली, "फक्त बिफोरसाठी, मॅम. आफ्टरमध्ये आपण मस्त मोठं लावू. नाहीतर कळणार कसं की त्या विडो आहेत? त्या तुमच्या-माझ्यासारख्याच दिसतात."

सगळे सुलभाताईंकडे बघू लागले. त्या म्हणाल्या, "काढते. शूटिंगपुरतंच ना? नाटकात काय काय करत नाही माणूस." आणि त्यांनी टिकली काढून सवयीने मनगटावर चिकटवली. पहिला टेक त्यामुळे वाया गेला, कारण डोळे पुसताना मनगटावरची टिकली दिसली.

टिकली काढल्यावर कपाळावर एक फिकट गोल राहिला. इतकी वर्षं रोज टिकली लावून तिथली कातडी उन्हाने रापली नव्हती, म्हणून. मेकअपवाला स्पंज घेऊन पुढे झाला. दिग्दर्शकाने त्याचा हात धरला. "छोड़ दे. यही तो शॉट है."

त्या फिकट गोलाइतका मोठा पुरावा सुलभाताईंच्या बाजूने दुसरा नव्हता. नवरा गेल्यावरही ह्या बाईने एक दिवस कपाळ मोकळं ठेवलेलं नाही, असं तो गोल सांगत होता. कॅमेऱ्याने त्याचा अर्थ बरोबर उलटा लावला.

नंतरचाही भाग झाला. हिरवी साडी, चौथ्या मजल्यावरच्या सुनेच्या जागी मालिकेतली एक नटी, करंडा, मागे सनई. सुलभाताईंनी नटीला विचारलं, "लाडू कुठाय? मी तिला लाडू दिला होता." दिग्दर्शक म्हणाला, लाडू नको, फोकस जाईल.

फिल्म आली. ती चालली, आणि चांगली चालली. पण फिल्म बघायला माणसाला दोन मिनिटं थांबावं लागतं. म्हणून तिचे तुकडे करतात, मग तुकड्यांचे फोटो करतात आणि फोटोंची होर्डिंगं. होर्डिंगवर एकच चित्र बसतं. अनन्याच्या ऑफिसने आधीचा फोटो निवडला. काशीगावच्या हायवेवर, वसईकडे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल असं, चार माणसांच्या उंचीचं होर्डिंग लागलं. मागे ओलीची भिंत, डोळ्यांत पाणी, कपाळावर फिकट गोल. शेजारी अक्षरं: 'मला हळदीकुंकवाला बोलवाल?'

जी बाई स्वतः सोसायटीचं हळदीकुंकू करत होती, तिच्या तोंडी हे.

मी अनन्याला फोन केला. "नंतरचा फोटो लाव. ही बाई अशी नाहीये."

"मॅम, आम्ही दोन्ही टेस्ट केले. बिफोरवालं खूप जास्त काम करतंय. आफ्टरमध्ये त्या नॉर्मल बाई दिसतात. नॉर्मल बाईला कोण थांबून बघतं?"

धंद्याच्या हिशेबाने ती बरोबर बोलत होती. तिच्या जागी मी असते तर मीही तोच फोटो निवडला असता, हे मला माहीत होतं, म्हणून वाद घालताना जोर येईना. "परवानगी घेतलीये ना मॅम?" तिने विचारलं. घेतली होती. सगळं रीतसर होतं.

पहिला फोन वसईहून आला, मुलाच्या आईचा. त्यांचा सूर हळहळीचा होता. "सुलभाताई, तुम्ही एवढं सोसलंत आणि एका शब्दाने बोलला नाहीत हो. आम्हाला होर्डिंगवर कळलं."

"काही सोसलं नाही मी," सुलभाताई म्हणाल्या. "ते शूटिंग होतं."

"असू दे, असू दे. बाईमाणूस असंच म्हणतं."

दुसऱ्या दिवशी प्रकाशभाऊ आले. मी तिथेच होते, मला उठायलाही सुचलं नाही. बूट न काढता दारातूनच बोलू लागले. "वहिनी, आम्ही तुमचं कुंकू पुसलं? कोणी पुसलं, नाव सांगा. ऑफिसात लोक मला विचारतायत, ही तुझी भावजय ना रे, हिला तुम्ही कुठल्याच कार्याला बोलवत नाही का? मी काय सांगू?"

"सांगायचं, बोलवतो. बोलवता की."

"ते कोण ऐकणार? चार मजली फोटो लावलाय रडका! दादा असता तर..." ते थांबले. मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही मॅडम. तुम्हाला दुसऱ्यांच्या घरात काय सुधारायचंय ते सुधारा. आमचं घर बरं चाललं होतं."

खरंच बरं चाललं होतं. बैठकीत पंख्याकडे बघत बसलेला हा माणूस लग्नातही पंख्याकडेच बघत बसला असता. टिकली बघितली नाही, हळदीकुंकू बघितलं नाही, तसं कन्यादानही बघितलं नसतं. न बघणं ही त्याची संमती होती. होर्डिंगने त्याला बघायला लावलं. आणि चारचौघांत बघावं लागलं की अशा माणसाला भूमिका घ्यावी लागते.

"कन्यादानाला मी आणि ही बसणार," ते म्हणाले. "निदान लोकांना दिसू दे की चोणकर अजून जिवंत आहेत."

मुलाकडच्यांचंही तसंच झालं. मुलाची आई म्हणाली, "आमची काही हरकत नाही हो. पण आता विषय निघालाच आहे, तर घरातल्या मोठ्यांना विचारावं लागेल." विचारलं. ज्या मोठ्यांना विचारण्याची बैठकीत कोणालाच गरज वाटली नव्हती, त्यांना विचारलं. विचारल्यावर मोठी माणसं काय सांगतात, ते वाचकांना वेगळं सांगायला नको.

मी गुरुजींकडे गेले. भला माणूस. चहा दिला. म्हणाले, "मी केलं असतं हो ताई. यापूर्वी केलंयही, गवगवा न करता. सुपारी ठेवायची, संकल्प सांगायचा, पुढे चालायचं. पण आता प्रत्येक जण मोबाइल रोखून उभा राहणार, ह्या त्याच ना म्हणून. मग मला दहा जण विचारणार, शास्त्रात कुठे आहे दाखवा. मी म्हातारा माणूस, कुठे भांडत बसू?"

ऋतुजा मात्र भडकली. "रजिस्टर करू, आई. सही करायची, घरी यायचं. त्यांना काय करायचंय ते करू देत."

सुलभाताई पापडाच्या पिशव्या बांधत होत्या. "तुला मांडवात लग्न हवं होतं. लहानपणापासून हवं होतं. मग?"

"तू नसलीस तर नकोय मला."

"मी आहे की. कुठे चाललेय? समोर खुर्चीवर असेन. उगाच माझ्यावरून तुझ्या संसाराला पहिल्या दिवशी भांडण नको. पिशवीचं तोंड धर."

ऋतुजाने पिशवीचं तोंड धरलं. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही. अजूनही माहेरी आली आणि गेटपाशी भेटली तर 'काकी' म्हणते, पण थांबत नाही.

लग्न थाटात झालं. सुलभाताई अंजिरी पैठणी नेसल्या होत्या, कपाळाला नेहमीची टिकली. सकाळपासून दाराशी उभ्या, येणाऱ्यांचं स्वागत, पाण्याचे ग्लास, कोणाला चहा मिळाला नाही ते बघणं. हात गुंतलेले. कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी हाक दिली, तेव्हा प्रकाशभाऊ आणि जाऊबाई पाटावर बसले. सुलभाताई पहिल्या रांगेत येऊन बसल्या, माझ्या शेजारी. पाण्याची धार सोडायच्या वेळी ऋतुजाने मान वळवून आईकडे बघितलं. आईने तिला हातानेच खूण केली, मुंडावळ्या नीट कर, डोळ्यावर येतायत.

मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "ह्याच ना त्या, होर्डिंगवाल्या? बिचाऱ्या." सुलभाताईंना ते ऐकू गेलं. त्या वळल्या नाहीत. मला म्हणाल्या, "जिलबी गरम आहे का ते बघून ये गं, केटररचा भरवसा नाही."

त्यानंतर फिल्मला एक बक्षीस मिळालं. अनन्याने समारंभाला सुलभाताईंना बोलावलं, त्या गेल्या नाहीत. मी गेले, कारण मला पुढची कामं हवी होती. स्टेजमागच्या पडद्यावर तो फिकट गोल माझ्या घराच्या दाराएवढा दिसत होता. टाळ्या थांबेनात. पुढे बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. त्यातल्या कोणाच्या घरी पुढच्या संक्रांतीला एखादी विधवा बाई गेली असेलही. मला माहीत नाही, आमच्या धंद्यात ते कळत नाही, हे मी आधीच सांगितलं.

परतताना अनन्याने विचारलं, "मॅम, त्यांच्या मुलीचं लग्न झालं ना? कन्यादान त्यांनीच केलं ना? व्हिज्युअल्स मिळतील? फॉलोअप करता येईल."

"कन्यादान काकांनी केलं," मी म्हटलं. "तुझ्या होर्डिंगमुळे."

ती थांबली. तिला खरंच वाईट वाटलं, हे मी पाहिलं. डोळे भरले तिचे. मग ती म्हणाली, "मॅम, पण ही पण स्टोरी आहे. पार्ट टू."

मी रिक्षा केली.

ते काम मी नंतर सोडलं. आता डास, ओला-सुका कचरा, गॅसची नळी बदला, एवढंच करते. डासाला सासर नसतं. नव्या पोरी मला विचारतात, मॅडम, समाज बदलणारं काही का करत नाही? मी त्यांना सांगते, समाजात काही ठिकाणी बदल आपोआप चाललेला असतो, हळू, खाली मान घालून, चकलीचा तुकडा मोडत. तिथे दिवा घेऊन गेलं की तो बदल करणारी माणसं दचकतात आणि होती तिथे परत जाऊन उभी राहतात. पोरी हे लिहून घेत नाहीत. हे स्लाइडवर बसत नाही.

होर्डिंगची मुदत संपली तेव्हा उतरवायला रफिक गेला, आमचा नेहमीचा फ्लेक्स लावणारा. उतरवलेला फ्लेक्स त्याचा, अशी रीत आहे. तो ते तुकडे करून टपऱ्यांना छपरासाठी विकतो. शहरात फिरलात तर चहाच्या टपरीवर अर्धा पुढारी आणि पंक्चरवाल्यावर बिल्डरचा टॉवर दिसतो, तो असा येतो. सुलभाताईंनी मला फोन केला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मेधा, तो फ्लेक्स मला हवाय. अख्खा."

रफिक कुरकुरला. "मैडम, इतना बड़ा पीस है, मेरा गिऱ्हाईक बैठा है." मी त्याला समजावलं आणि फ्लेक्स टेम्पोत टाकून आणला. मला वाटलं होतं, बाई तो फाडणार, जाळणार. त्यांनी वॉचमनला हाताशी घेतलं, मला एक टोक धरायला लावलं आणि आम्ही तिघांनी तो गुंडाळा गच्चीवर चढवला. गच्चीवर त्यांच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर त्यांनी आधीच विटा आणून ठेवल्या होत्या.

फ्लेक्स पसरला. गच्चीभर त्यांचा चेहरा आभाळाकडे बघत पडला होता. वॉचमन हळूच म्हणाला, "आंटी, ये तो आप हो."

"पलटो," सुलभाताई म्हणाल्या.

आम्ही तो उलटा केला. मागची बाजू पांढरी स्वच्छ असते. त्यांनी कडा ताणल्या, एकेक वीट ठेवली, कोपऱ्यात पायाने दाबून बघितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"राहू दे गं," हात झटकत त्या म्हणाल्या. "रडवून एवढं पाणी काढलं माझ्या डोळ्यांतून, आता थोडं अडवू दे त्याला."